दोन टेपांची एक ढोलकी

आमच्या गाण्याच्या मंडळात चौघं होतो. गुरुजी गायचे, मी बुलबुलतरंग वाजवायचो, कारंज्यातला रेडिओ मिस्त्री मंजिरीचे छोटे टाळ धरायचा आणि मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा भाऊ ढोलकी वाजवायचा. खरं वाजवता येणारा तो एकटाच, म्हणून पत्रिकेत त्याचं नाव शेवटी असायचं.

दिवाळीनंतर तो ऊसतोडीला जायचा आणि मंडळ बसून राहायचं. एका वर्षी मिस्त्रीनं तो जाण्याआधी त्याचा ठेका टेपरेकॉर्डरवर भरून घेतला. मग हातभर टेप कापली, दोन्ही टोकं चिकटवली आणि ते कडं यंत्रातून ओवून एका रिकाम्या बाटलीभोवती ताणून बसवलं. ठेका संपायचाच नाही. ही ढोलकी चहा मागत नाही, म्हणून गुरुजींना ती लगेच पसंत पडली.

पुढं मिस्त्रीनं दुसरं यंत्र आणि बाटली आणून तशाच कड्यावर मंजिरी भरली. आठ-दहा आवर्तनं दोन्ही यंत्रं सोबत चालायची, मग मंजिरी मागं पडायची. मिस्त्री विजेला दोष द्यायचा, गुरुजी मिस्त्रीला. शेवटी आम्ही बैठक घेतली आणि ढोलकीचं यंत्र मुख्य मानावं, दुसऱ्यानं त्याच्या मागं चालावं, असा ठराव एकमतानं केला. तो यंत्रांना कळवायचं कुणाला सुचलं नाही. मी ज्या यंत्राजवळ बसायचो, त्याच्या लयीत वाजवायचो. मनात आलं की ओळ लांबवायची गुरुजींची सवय होती; भाऊ ती सांभाळून घ्यायचा. यंत्रं थांबायची नाहीत. गुरुजी परत येईपर्यंत ठेका पुढच्या कडव्यात असायचा.

चैत्रात भाऊ परतला. गुरुजींनी त्याला यंत्रांसोबत वाजवायला बसवलं आणि थोड्याच वेळात हात वर करून थांबवलं.

"तू मागं पडून राह्यला. टेपच्या पेटीकडं ध्यान दे."

"गुरुजी, पेटीत मीच हाव ना?"

"हो, पण तो दिवाळीच्या आंधीचा. तवा तू बरा वाजवत होता."

ढोलकी बाजूला ठेवून भाऊ दोन्ही यंत्रांच्या मधे बसला, डोळे मिटून ऐकलं, आणि पुढं पळणाऱ्या टेपवर अलगद अंगठा टेकवला. दोन्ही आवाज एकात एक बसले. मिस्त्री तीन महिने पेचकस घेऊन जे शोधत होता, ते एका अंगठ्यात होतं. आम्ही लगेच दुसरा ठराव केला: यापुढं भाऊनं अंगठेच लावावेत.

पुढच्या आठवड्यात एका लग्नात दुपारचा कार्यक्रम होता. मंडळातला सगळ्यात चांगला वादक दोन बाटल्यांमधे बसला होता, ढोलकी त्याच्या पाठीशी. आमची ढोलकी आता आपोआप वाजते, असं गुरुजींनी जाहीर केलं. तिसऱ्या कडव्यात त्यांनी ओळ लांबवली आणि नवरीच्या मामाचं कौतुक त्यात घुसवलं. ठेका पुढं निघून गेला. गुरुजी मधेच लटकले. भाऊनं माझ्याकडं पाहिलं, अंगठे उचलले आणि ढोलकी मांडीवर घेतली. मिस्त्रीनं घाईघाईनं दोन्ही यंत्रं बंद केली. गुरुजी जितकं लांबवत, तितकं भाऊ थांबून त्यांना समेवर आणून ठेवायचा. जेवणाच्या पंगतीतली माणसं उष्ट्या हातानं येऊन उभी राहिली. त्या दिवशी पहिल्यांदाच मी कुणाच्या लयीत वाजवायचं हे मला माहीत होतं.

पुढच्या बैठकीत गुरुजींनी विनापरवानगी वाजवल्याबद्दल भाऊची तक्रार केली. मी त्याच्या बाजूनं बोलायला हवं होतं. मी इतिवृत्त लिहीत होतो.

दिवाळीच्या तोंडावर मिस्त्री नवा ठेका भरून घ्यायला तांड्यावर गेला, मीही सोबत होतो. भाऊ कोयत्याला धार लावत होता. त्यानं आम्हाला बसायला खाट दिली, चहा पाजला.

"औंदा ठेका ठेवून जात नाही," तो म्हणाला. "तिकडं उसाच्या फडावर मलेच लागते. आमची मानसं उभ्या दिवसाची थकेल रायतात."

त्या हिवाळ्यात मंडळानं एकही कार्यक्रम केला नाही. वहीत कारण लिहायचं होतं. गुरुजींनी सांगितलं आणि मी लिहिलं: वीजपुरवठा अनियमित.