गूळ शेवटी घालायचा

गणपतमामा झोपेतच गेले, त्या सकाळी मी अर्धा शेर दूध नासवलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी, शेजाऱ्यांनी कडू घास न्यायचा, ही आपली रीत. बाकीच्यांनी पिठलं-भाकरी नेली. मामींच्या पोटात मात्र रोज आधी कॉफी जायची, म्हणून मी शहाण्यानं कॉफी न्यायचं ठरवलं. उकळत्या दुधात गुळाचा खडा टाकला, चरवीवर झाकण ठेवलं आणि न बघताच निघालो. दहा माणसांत झाकण काढलं, तर पाणी वेगळं, गाठी वेगळ्या... तोवर मामी ना रडल्या होत्या, ना पाण्याचा घोट घेतला होता. त्यांनी चरवीत डोकावून पाहिलं. "उकळत्यात टाकला व्हय गूळ?" एवढंच म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आवरेना.

त्याला आता दीड महिना झाला.

मामा हिंगोलीच्या छावणीत, गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये खानसाम्याच्या हाताखाली होते. आमच्या गावी, गोरेगावला परतले ते दोन विद्या घेऊन. पहिली कॉफी. बिया तव्यावर भाजायच्या, खलबत्त्यात कुटायच्या, उकळून धोतराच्या धुतलेल्या तुकड्यातून गाळायच्या. रोज सकाळी दोन पितळी पेले भरायचे आणि एक मामींच्या हातात नेऊन द्यायचे. बाई बसलेली आणि गडी पेला घेऊन येतोय, हे गावाला काही पचलं नाही. पारावर कुणीतरी विचारायचंच, "काहो गणपतराव, बायकोचे पाय कवा चेपता?"

"कॉफी झाल्यावर," मामा म्हणायचे. "पहिले चेपले तर गार व्हईल ना!"

हसणाऱ्यांत मीही असायचो.

दुसरी विद्या साहेबांच्या सायीच्या दारूची. साय, कॉफी, गूळ आणि साहेबांच्या बाटलीऐवजी आपली मोहाची. मामा तिला 'थंडीचं औषध' म्हणायचे. त्यामुळे माळकऱ्यांनाही खोकला व्हायचा. मी एकदा ती घरी करून पाहिली. तापल्या सायीवर अख्खी बाटली ओतली आणि वर कण्या, खाली पाणी असं काहीतरी तयार झालं. मामांनी ते भांडं उजेडात धरलं. "भाच्या, तुला एवढी घाई काहून रे? आधी समदं गार होऊ दे. मग थेंब थेंब सोड. तापल्यात ओतलं का फाटतंयच." वाया कशाला घालवायची म्हणून मीच ती पिऊन टाकली. दिवस मावळायच्या आत बायकोला मी बैलाच्या गव्हाणीत सापडलो.

पुढं जर्मनच्या लढाईत साखर मिळेनाशी झाली आणि कॉफीतही गूळ आला. नियम तोच. भांडं खाली उतरवायचं, वाफ मोडू द्यायची आणि गूळ सगळ्यांत शेवटी. शंभर वेळा समोर बसून पाहिलं, पण लक्ष माझं पेल्याकडं. पिणाऱ्याला कृती कशाला लागते?

तेरावा झाला तरी मामी पेजेच्या दोन घोटांवरच होत्या. हातातलं कडं कोपरापर्यंत सरकायला लागलं. बायको म्हणाली, "अशानं त्याबी जातील. काहीतरी करा." मला करण्यासारखं एकच सुचलं. मामांचाच तवा घेऊन त्यांच्या चुलीपाशी बसलो. धूर डोळ्यांत, बिया निम्म्या करपलेल्या. मामी भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या. गुळाला हात घातला तोच तिकडून आवाज आला.

"खाली उतरव आधी."

उतरवलं.

"थांब... थांब म्हणते ना... आता टाक."

दूध फाटलं नाही. मामी उठून बसल्या. पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता वास घेतला. "करपलीय," म्हणाल्या, आणि पेला रिकामा केला. दुसरा पेला फळीवर पालथाच होता. तेव्हापासून रोज सकाळी मी जातो. पारावर आता माझी चौकशी होते.

त्या पहिल्या दिवशी परतताना मी थोडा ऐटीतच चाललो होतो. मामींची चूल सारवून बायको मागून येत होती. आमच्या दारापाशी आल्यावर म्हणाली, "उद्यापासून एक पेला मलाबी करत जा. मी जिती हाय तवर."