आतून घासलेली पेटी

युद्ध संपून दोनेक वर्षं झाली असतील. सिंदीला पॅसेंजरमध्ये एक सुतार चढला. हातातली लाकडी पेटी त्यानं बाकावर ठेवली आणि स्वतः उभा राहिला. फौजेच्या दारूगोळा डेपोत काडतुसांच्या पेटीचा हा नमुना दाखवायला निघाला होता. नमुना पास झाला, तरच टेंडर मिळणार. आधीचे दोन नापास झाले होते. वाटभर तो वाकून पॉलिश पेपरनं पेटी आतूनच घासत होता.

"आतून कोण पाहणार?" मी विचारलं.

"पाहत कोनीच नाई. पन अंधारात, घाईत गोळ्या काढाले कोनाचा तरी पोरगा आत हात घालन. त्याले कुसळ नाई लागलं पाह्यजे."

तो उतरल्यावर पेटी खाली देताना मी आत हात फिरवून पाहिला. लाकूड आतून गालासारखं गुळगुळीत होतं. पेटी घेताना त्याचा तळवा माझ्या हाताला लागला, आणि टोचला.