न पाहिलेल्या निकेरीवर माझं भाषण

हॉलंडमध्ये उइटहॉर्नला मुलाकडे येऊन राहिलो त्याला सहा वर्षं झाली. इथं मला मनासारखा एकच माणूस भेटला, तो दक्षिण अमेरिकेतला, सुरीनामचा. त्याचे पणजोबा हिंदुस्थानातून मळ्यावर मजुरीला बोटीनं गेले ते तिकडचेच झाले. त्याची हिंदी जुनाट, माझी मोडकी. एकमेकांच्या चुका दोघांनाही कळत नाहीत, म्हणून जमलं.

त्याचं गाव निकेरी. गाव म्हटलेलं त्याला चालत नाही, शहर म्हणायचं. मरायच्या आधी एकदा तिथं जाऊन यायचं, एवढाच त्याचा दोन वर्षं धोशा होता. एकट्यानं जायची तब्येत नाही, आणि मुलगी नेत नव्हती. मुलगी पन्नाशीची, युट्रेख्टला मोठ्या हुद्द्यावर. तिचं उत्तर ठरलेलं, तिथं आहे काय, डास आणि चिखल.

दर बुधवारी सकाळी इथल्या हॉलमध्ये आम्हा म्हाताऱ्यांची बैठक असते. कॉफी मिळते आणि एक बिस्कीट. दुसरं मागितलं तर वाटणाऱ्या बाई गोड हसतात, देत नाहीत. पाळीपाळीनं एकेकानं आपल्या गावाबद्दल बोलायचं. याची पाळी आली, मुलगी मुद्दाम रजा काढून आली, आणि यानं आदल्याच दिवशी दाढ काढून घेतलेली. गाल टम्म, तोंडात कापूस. मुलगी लगेच म्हणाली, राहू दे मग, घरी जाऊ.

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, मी बोलतो. शाळा मी चौथीत सोडली, पण बोलायला मला कागद लागत नाही. मी हिंदीत सांगायचं आणि मुलीनं ते डचमध्ये करायचं असं ठरलं.

सुरुवात झकास झाली. एका अंगाला समुद्र, एका अंगाला नदी, आणि जरा पुढं दुसऱ्या मोठ्या नदीपलीकडे दुसरा देश. जमीन भरतीच्या पाण्याहून खाली. हे मला कोणी शिकवायला नको, मी पेणकडच्या खारेपाटातला. बांध फुटला की खारं पाणी थेट चुलीपर्यंत. आमच्या बांधाला उघाडी असते, म्हणजे लाकडी दार, भरतीला आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडतं. हॉलंडवाल्यांना वाटतं हे सगळं त्यांनीच शोधलं. तेही मी बोलून टाकलं. मुलीनं ते डचमध्ये सांगितलं नसावं, कारण कोणी रागावलं नाही.

मग इतिहास. पहिलं शहर समुद्रानं खाल्लं, तेव्हा लोकांनी दुसरीकडे नवं वसवलं. आधी मळे गोऱ्यांचे. करार संपल्यावर मजुरांनी स्वतःची जमीन धरली आणि भात लावला. आता वर्षाला दोन पिकं, गिरण्या, केळी, माल बोटीनं परदेशी. मुलगी हे सगळं पाढे म्हटल्यासारखं सांगत होती. नजर खिडकीबाहेर. मित्र तिच्या तोंडाकडे बघत बसलेला.

तेवढ्यात माझ्या तोंडून गेलं, "माझा मित्र म्हणतो तिकडे भात विमानातून पेरतात. एवढं सोडून बाकी सगळं खरं आहे."

मला ते खरंच पटलेलं नव्हतं. भात म्हणजे चिखलात वाकून एकेक रोप लावायचं. विमान कशाला येतंय?

मुलगी थांबली. डच राहिलं बाजूला, माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, "चाचा, मी स्वतः शेताच्या कडेला झेंडा धरून उभी राहायचे. पायलटला कळावं म्हणून. बी केसांत अडकायचं, रात्री आई विंचरून काढायची."

मी म्हटलं, "असेल. लहानपणी स्वप्नं पडतात."

पहिली चूक माझी खरी होती, ती मी कबूल करतो. पुढच्या मुद्दाम केल्या. म्हटलं, रस्ते वाकडेतिकडे. ती म्हणाली, पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. म्हटलं, मासळी मिळत नसेल. तिनं पाच माशांची नावं घेतली. म्हटलं, बांधावर संध्याकाळी कोण जाणार, डासच डास. त्यावर ती जी सुटली ती वीस मिनिटं. समुद्राचा वारा, बांधावरची गर्दी, भाजलेली मक्याची कणसं, घरी यायला उशीर झाला म्हणून बाबांचा खाल्लेला मार. डच बायका तोंडाकडे बघत राहिल्या, त्यांना कोणी काही सांगेना. मला बसायलाही कोणी सांगितलं नाही, मीच बसलो.

मित्र कापसाच्या तोंडानं काहीतरी पुटपुटला. मुलगी वाकली.

"मारलं नव्हतं म्हणतात," ती आम्हाला म्हणाली. मग त्याला, "मारलं होतं बाबा. चला, त्या बांधावरच उभं राहून ठरवू. दोन महिन्यांत मला सुट्टी आहे."

दारात कोट चढवताना तिनं मला हळूच विचारलं, "चाचा, तुम्ही असेच हट्टी आहात की सोंग करत होता?"

"निम्मं निम्मं," मी म्हटलं.