काका, भीती आणि दवाखान्याचा फोन

आमचा काका सुतार. जन्मभर लाकूड घासलं, पण तोंडाला फडकं म्हणून कधी बांधलं नाही. भुसा फुफ्फुसात जाऊन बसला तो कायमचा, आणि आता जिना चढायचा म्हटलं की धाप लागते.

साथ आली तसा काका घरात बसला तो बसलाच. वर तोरा असा, की "मी घाबरत नाही, मला बाहेर कंटाळा येतो." मग सामान दार न उघडता घेता यावं म्हणून पठ्ठ्यानं चांगल्या दाराला खिडकी पाडली. सगळा भुसा नाकातोंडात, आणि दम आणखी वाढला. दवाखान्यात चल म्हटलं की अंगावर यायचा. हट्टी माणूस, पण इतका लाघवी की रागही धड येत नाही.

शेवटी दवाखान्यातूनच फोन आला. छातीच्या जुन्या रुग्णांना साथीची भीती किती वाटते, ते तिथे मोजत होते. मशीनच्या करवतीनं काकाचे कान कधीच खाल्लेत, म्हणून फोन स्पीकरवर. काकू शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बातम्या ऐकून धडधडतं का? अजिबात नाही, थोडं, की खूप?" पलीकडच्या मुलीनं विचारलं.

"अजिबात नाही."

"झोप उडते?"

"घोरतो मी. बायकोला विचारा."

"बाहेर पडायला भीती वाटते?"

"छे!"

दाराला भोक पाडलेला माणूस हे बोलत होता! मी तोंडावर हात दाबून हसले.

"दवाखान्यात ठेवलं तर घरच्यांशिवाय राहावं लागेल, याची भीती वाटते?"

काकाची नुसती धाप ऐकू येत होती.

"खूप," काकू म्हणाली. "माझं लिही, बाई. खूप."

"काकू, हे फक्त रुग्णांना विचारायचंय."

"मग माझंच लिही," काका म्हणाला. "खूप. आणि मागचं सगळं खोडून टाक."

काकूनं हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

फोनवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचा दम फोनवरही कळतोय. सोमवारी तपासणीला याल?"

"हिला आत घ्याल?"

"आत नाही घेता येणार. पण दाराला मोठी काच आहे."

"येतो," काका म्हणाला आणि काकूकडे वळला. "पण तू काचेपाशीच उभं राहायचं. बाकावर जाऊन बसायचं नाही."