आठ सिलिंडरचं इंजिन

त्याचं नाव मी कधी विचारलं नाय. चितेगावच्या कारखान्यात कामाला होता. लांब नाकाची जुनी अमेरिकन गाडी त्यानं माझ्याकडं दुरुस्तीला ठेवली होती. तिला बघायला यायचा तवा चप्पल काढूनच गाडीत बसायचा. नामांतराच्या बंदमुळं लई दिवस त्याचं येणं झालं नाय. मी न विचारताच तिचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन भंगारात दिलं, डिझेलचं बसवलं.

तो आला. चावी फिरवून डोळे मिटले, आवाज ऐकला.

"मिस्त्री, माझी गाडी कुठंय?"

"हीच की! आता स्वस्तात पळंल."

"जुनं इंजिन?"

"भट्टीत वितळलं असंल."

त्यानं गाडी बंद केली अन् उतरून एकटाच रस्त्याकडं ढकलू लागला. चूक मला तवाच कळली होती. पण हात लावला असता तर ती कबूल केल्यासारखं झालं असतं. मी तसाच उभा राहिलो.