मी न पाहिलेलं बुऱ्हाणपूर

हे आजवर मी कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि देवाजवळ तर नाहीच — त्याला सगळं आधीच माहीत असतं म्हणतात, मग पुन्हा कशाला सांगायचं? तुम्ही बसा जरा. फार वेळ घेणार नाही. घेतला तर तो मुद्द्यावर यायचं धाडस होत नाही म्हणून, एवढं समजून घ्या.

आमच्या मंगरूळपीरला बुऱ्हाणपूरचं नाव निघालं की माझं नाव निघतं. कोणी तिकडे जायला निघालं की त्याला सांगतात, “मास्तराले इचारा, ते जाऊन आले.” मग मी सांगतो. तापीच्या काठावरचा किल्ला, हमामखान्याच्या छतावरची नक्षी, जमिनीखालून पाणी आणणाऱ्या विहिरी, जिलबी, दराबा नावाची मिठाई. चौथीला भूगोल शिकवणारा माणूस — त्याच्यावर कोण शंका घेणार? बरं, लोक जाऊन येतात आणि म्हणतात, तुम्ही सांगितलं तसंच होतं. शाळेच्या कपाटात एक जुनं पुस्तक आहे, ते चांगलं आहे. आणि जे पुस्तकात नाही ते मला अम्माने सांगितलेलं आहे.

अम्मा म्हणजे गफूरभाईची आई. गफूरभाई शिंपी, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं दुकान. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट सांगतो आहे. शाळा सुटली की मी त्याच्या दुकानात जाऊन बसायचो, दिवेलागणीला घरी. माझे सदरे तोच शिवायचा. आत तरटाच्या पडद्याआड अम्मा बसलेली असायची आणि दुकानातल्या कातरणांच्या गोधड्या शिवायची. गावातल्या निम्म्या लोकांचे कपडे तिच्या गोधड्यांत सापडले असते. ती बुऱ्हाणपूरची. बाराव्या वर्षी लग्न होऊन इकडे आली, त्यानंतर दोनदाच माहेरी गेली. पण बोलणं सारखं तिथलंच. तापीचं पाणी गोड, दराबा जिभेवर ठेवला की दिसेनासा होतो, आणि मांडे — “येवढा मोठा मांडा, मास्तर, की त्यात लेकरू गुंडाळून घ्या.”

ऐकून ऐकून आम्हीच ठरवलं, दिवाळीच्या सुटीत तीन दिवस बुऱ्हाणपूर करायचं. पाहायचं आणि खायचं. बेत आखण्यात महिना गेला, आणि तो महिना फार सुखाचा होता. गफूरभाईने कपडे बेतायचा मोठा पिवळा कागद अंथरला, त्यावर मी खडूने तीन दिवसांचे तीन रकाने पाडले. पहिला दिवस किल्ला. यावर आमचं भांडण. गफूरभाई म्हणे गाडीतून उतरल्या उतरल्या जिलबी, मी म्हणे आधी किल्ला, उन्हं चढायच्या आत. पडद्याआडून निकाल आला, “आधी पोट, मंग किल्ला. किल्ला कोठी पळून जाते?” दुसरा दिवस टांग्याने असीरगड. तिसरा दिवस जुम्मा मशीद आणि बाजार. रोज कागद पसरायचा, काही पुसायचं, काही लिहायचं. जाण्यापेक्षा बेतातच आम्हाला गोडी होती की काय, कोण जाणे.

आता ती गोष्ट सांगतो, जी आमच्यात कधी बोलली गेली नाही. आठ वर्षं मी त्या दुकानात रोज बसलो — आणि तिथे पाण्याचा घोट घेतला नाही. माझा चहा समोरच्या हॉटेलातून यायचा, आणि तो गफूरभाईच मागवायचा, मी न सांगता. मी जातीचा माणूस, आणि तेव्हा जात ताटात आणि पेल्यात असायची. त्याने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. यालाच आम्ही दोस्ती म्हणायचो — आणि ती होतीही, हे मी आजही म्हणेन.

सुटी आली आणि पाटलांकडे लग्न निघालं. सगळ्या वऱ्हाडाचे कपडे गफूरभाईकडे. त्याला हलता येईना. तो म्हणाला, “तुमी तं जा. येऊन सांगा मले.” मी एकटा निघालो. मोटारीच्या अड्ड्यावर अम्मा स्वतः आली, बुरख्यात, हातात एक गाठोडं. आत नवी गोधडी. तिच्या धाकट्या बहिणीसाठी, जैनबसाठी. लोहारांच्या गल्लीत घर, दारापुढे चिंच, कोणीही दाखवेल.

“तिच्याच घरी उतरजा, मास्तर. धरमशाळेत नोका जाऊ. तिच्या हातचे मांडे खाजा. तिथं तुमाले कोन पाह्यते?” असं म्हणून ती हसली. मग हसू थांबवून म्हणाली, “तिले सांगजा, मी जित्ती हाये. किती साल झाले, ना कार्ड ना चिठ्ठी.”

मी म्हणालो, हो. उतरेन. खाईन. त्या क्षणी मला ते खरं वाटत होतं? वाटत असावं. मांड्यांची उत्सुकता मलाही होती.

भुसावळला गाडी बदलायची. तिथे फलाटावर कोण भेटावं — माझ्या साडूचा भाऊ. रेल्वेत मालधक्क्यावर कारकून, आमच्या जातीच्या मंडळात पुढारी. कुठे निघालात? मी म्हणालो, बुऱ्हाणपूर. कोणाकडे? — आणि इथे मी थांबलो. धर्मशाळा म्हणायला काय झालं होतं? पण गाठोड्यावर अम्माने खडूने उर्दूत बहिणीचं नाव लिहवून घेतलं होतं, आणि त्याची नजर तिथेच होती. माझ्या तोंडून निघालं, “छे, बुऱ्हाणपूर पुढे कधीतरी. सध्या तुमच्याकडेच आलोय, चार दिवस.” गाठोड्याचं काय? अंथरूण. कपडा शिंप्याकडचा, खूण त्याची असेल.

तो आनंदला. मला घरी घेऊन गेला. समोरची बुऱ्हाणपूरची गाडी सुटताना मी त्याच्या टांग्यात बसत होतो. तीन दिवस त्याच्या घरी पाटावर बसून जेवलो, संध्याकाळी इंजिनं पाहिली. रात्री गोधडी पांघरली, कारण अंथरूण आहे असं सांगितलं होतं. पहिल्या रात्री तिच्यात मला माझ्याच निळ्या पट्ट्यांच्या सदऱ्याचा तुकडा दिसला. दुसऱ्या दिवशी एकटा निघून जाता आलं असतं. बुऱ्हाणपूर तिथून दीड-दोन तासांवर. गेलो नाही.

येताना भुसावळच्या हलवायाकडून दराबा घेतला.

गफूरभाईच्या दुकानात त्या दिवशी पाच-सहा जण जमले होते. मी सांगत गेलो. किल्ला, नक्षी, विहिरी — पुस्तकातलं सगळं बरोबर आलं. मग पडद्याआडून आवाज आला, “अन् जैनब?” अजूनही वेळ होती. सापडली नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. ते तर अर्धं खरं झालं असतं. मी म्हणालो, भेटल्या. गोधडी छातीशी धरून रडल्या. केस पिकलेत, हसणं मात्र तुमच्यासारखं. मांडे केले होते. हा दराबा तुमच्यासाठी दिलाय.

अम्माने दराब्याचा कण तोंडात टाकला.  मग म्हणाली, “आता हलवायाचा हात बदलला असंन.”

तीन वर्षं ती ते माझ्याकडून ऐकत राहिली. शुक्रवारी हमखास. मी भर घालत गेलो — जैनबला एक नातू दिला, दारातल्या चिंचेला मोठी केली, जैनबच्या गुडघ्यांना दुखणं दिलं, कारण अम्माचेही दुखायचे. दुखण्याने तिला फार बरं वाटायचं. चांगला शिक्षक होतो मी, गोष्ट रंगवून सांगायचो. लाज वाटायची का? खरं सांगू? पहिले काही महिने वाटली. मग सवय झाली.

चौथ्या वर्षी अम्मा थकली. गफूरभाईने ठरवलं, आता तिला एकदा बहिणीला भेटवून आणायचं. पिवळा कागद पुन्हा निघाला. बेत पुन्हा मीच आखला — कुठली गाडी, कुठे बदलायची, टांगा कुठून करायचा. अम्मा म्हणाली, “किल्ला मले नोको. सिद्दं जैनबच्या घरी.” मी रकाना पुसून तसं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. याचंच मला आता नवल वाटतं. दुकानात त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. सांगायला याहून चांगली वेळ कोणती मिळाली असती? गफूरभाई म्हणाला, मास्तर, तुमीबी चला. मी म्हणालो, इन्स्पेक्टर येतोय. कोणी येणार नव्हतं.

पाचव्या दिवशी ते परतले. दुकानात पुन्हा माणसं जमली. मी एका कोपऱ्यात, पाय दाराकडे करून बसलो होतो. कोणीतरी विचारलं, “काय अम्मा, भेटली का बह्यीन?”  पडद्याआडून अम्मा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “भेटली. मास्तरानं सांगतलं तसंच हाये सारं.”

तुम्हाला सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, जैनब खरोखर आहे, गोधडी मिळाली की नाही हे म्हातारपणी तिला आठवलं नसेल, आणि माझं खोटं आपोआप खरं झालं. मी आनंदाने हसलोदेखील. गफूरभाई कापड कापत होता. त्याने वर पाहिलं नाही. शुक्रवारी अम्माने मला जैनबबद्दल विचारलं नाही. पुढेही कधी नाही. मला वाटलं, आता ती स्वतः पाहून आली, तिला माझी गरज काय?

पावसाळ्याच्या शेवटी अम्मा गेली. चाळिसाव्याला बुऱ्हाणपूरहून तिचा भाचा आला, जैनबचा मुलगा. दुकानात मी त्याच्याशेजारी बसलो आणि आपली माहिती दाखवायची म्हणून विचारलं, “जैनबबी बऱ्या आहेत ना? गुडघे कसे आहेत?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग गफूरभाईकडे. म्हणाला, “अम्मी? त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हा खालाला, म्हणजे तुमच्या अम्माला, कार्ड टाकलं होतं, पोचलं नसंल. मागच्या साली खाला आल्या, तेव्हा कबरीवरच घेऊन गेलो त्यांना.”

अकरा वर्षं. मी भुसावळला पाटावर जेवत होतो तेव्हा त्या बाईला जाऊन सात वर्षं झाली होती. म्हणजे अम्मा त्या गल्लीत उभी राहिली असेल, चिंचेखाली की काय — चिंच तरी असेल का? — आणि तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या असतील. त्या दोन्ही पदरात घेऊन ती परत आली आणि भर दुकानात माझी लाज राखली. का? दयेने? की मास्तराचं खोटं उघडं पडलं तर तीन वर्षं माझ्या तोंडून ऐकलेली तिची बहीणही गेली असती म्हणून? मला माहीत नाही. विचारायची वेळ होती तेव्हा मी हसत होतो.

 मी गफूरभाईकडे पाहिलं. त्याला वर्षभर सगळं माहीत होतं, आणि वर्षभर तो माझे सदरे शिवत होता. त्याने कात्री खाली ठेवली, समोरच्या हॉटेलकडे हात केला आणि ओरडला, “मास्तरासाठी एक चहा आन बे!”

चहा आला. माझा वेगळा पेला. मी प्यालो.

अजूनही बुऱ्हाणपूरला निघालेल्या माणसांना गफूरभाईच माझ्याकडे पाठवतो. मी त्यांना सांगतो, आधी जिलबी, मग किल्ला. गोधडी माझ्या घरी आहे. भुसावळच्या पाहुण्यांनी दिली असं बायकोला सांगितलंय. थंडीत ती काढते आणि माझ्या अंगावर टाकते. गोधडी चांगली आहे, तिचा एक टाका उसवलेला नाही.