लिव्हेनने उलटी वाचलेली रेघ

गेंट शहरात तांब्याच्या पत्र्यावरून चित्रं छापणारे चौघे होते. लिव्हेनच्या मते मात्र तो एकटाच. चाळीस वर्षं सुईने कोरलेल्या पत्र्यात शाई भरायची आणि तळहाताने पुसून काढायची, यात त्याचे हात कायमचे काळे झाले होते. सुईची नुसती रेघ पाहून तो कोरणाऱ्याच्या पोटातलं दुखणं सांगतो, असं लोक थट्टेने म्हणत. त्याला ती स्तुती वाटे.

चित्रकार ओमेर वारला आणि त्याच्या कारखान्यात एक बिनसहीचा पत्रा सापडला. मुलगी सिस्का म्हणाली, माझा. शिष्य कामील म्हणाला, माझा. सिस्काला बापाचा कारखाना पुढे चालवायचा होता. या पत्र्याचं चित्र कलामंडळाच्या प्रदर्शनात लागणार होतं; त्याखाली तिचं नाव लागलं नाही, तर बाईच्या हातात काम देणार कोण? कलामंडळाने निवाड्याला लिव्हेनला बोलावलं.

छापलेलं चित्र भिंतीवर काचेत टांगलेलं होतं. स्वयंपाकघर, टेबलाभोवती तीन बाया, त्यातली मधली कॉफी ओततेय. ही मधली म्हणजे लिव्हेनची बायको मेलानीच. ती चित्रासाठी बसली त्या दिवशी बाप, मुलगी, शिष्य, तिघंही समोर पत्रे कोरत होते. कोणाचा कुठला, तिला काय कळणार!

लिव्हेनने छाती पुढे काढली. "बघा, सगळा अंधार एका कोपऱ्यात लोटलाय. डोळा टेबलाच्या कडेवरून घसरतो तो थेट ओतणाऱ्या हातावर. झकास मांडणी! आता सावलीतल्या रेघा. डावीकडून उजवीकडे वर चढतात. असा फटकारा उजव्या हाताचा. सिस्का डावखुरी. पत्रा कामीलचा!"

कामील हसला. सिस्काचा चेहरा उतरला. "लिव्हेनकाका, नीट बघा हो," एवढंच ती म्हणाली.

मागून मेलानीचा आवाज आला, "अहो, ते राहू द्या. मी डाव्या हाताने कॉफी कधीपासून ओतायला लागले?"

लोक खो-खो हसले. पत्र्यावरचं चित्र कागदावर उलटं उमटतं, हे लिव्हेनच्या दुकानातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण जन्मभर त्याने वाचला तो पत्रा. काचेतल्या कागदापुढे असा उभा राहिलाच कधी? कागदही तो पत्र्यासारखा वाचून बसला होता.

कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गप्प बसला असता, तर मंडळाने पहिलाच निवाडा लिहून घेतला असता. चिटणिसाने लेखणी बुडवलीही होती.

"थांबवा ती लेखणी!" तो ओरडला. "चुकलो. मी, लिव्हेन, चुकलो. हेही लिहा वाटल्यास. कागदावर हात उलटला, तशा रेघाही उलटल्या. पत्र्यावर त्या उजवीकडून डावीकडे चढतात. हा डावरा हात आहे. ओमेर उजव्या हाताचा होता आणि डावरा हात या खोलीत एकच आहे."

"नक्की ना? की परत फिरवाल?" कामीलने टोमणा मारला.

"अरे, गाढवपणा एकदाच करतो मी, आणि तोही चारचौघांत!"

दुसऱ्या दिवशी सिस्काने पत्र्याच्या तळाशी आपलं नाव उलट अक्षरांत कोरलं. लिव्हेनने छापयंत्राचं चाक फिरवलं, ओला कागद अलगद सोलला. नाव सुलट उमटलं होतं. सिस्काने ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि हुंदका देऊन हसली. लिव्हेन शेजारी उभा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या रेघेवर त्याने मत दिलं नाही.